तावून सुलाखून : नाण्यांच्या प्रतवारीचा विचार

१. प्रश्नाचें स्वरूप

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिलें स्थानक शहाड. त्याच्या एका अंगास कल्याणचें प्राचीन बंदर, दुसऱ्या अंगास १९४९ सालीं हें नांव पावलेलें उल्हासनगर आणि त्याच्या पलीकडे अंबरनाथ व बदलापूर, असा हा टापू आहे. शिलाहारांचें राज्य, शिवछत्रपतींची राजवट, पेशवाई, कंपनी व राणीचें सरकार या सर्वांच्या खुणा या भूमीवर उमटलेल्या असून, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारों कुटुंबांनीं येथें घरें केलीं आहेत. अशा टापूंतील संग्राहकाच्या पेटींत गधैया धाटणीचें नाणें, शिवराई, अंकुशी रुपया, मुंबईच्या टांकसाळीचा राणीछाप रुपया आणि सिंधकडील एखादा रुपया एकमेकांशेजारीं असणें स्वाभाविक होय.

या संग्राहकापुढें सांप्रत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. आपलें नाणें व्यावसायिक प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवावें, तिच्याकडून त्यास आंकड्यांत प्रत लावून घ्यावी व तें प्लास्टिकच्या मोहोरबंद डबींत घालून आणावें, कीं जसें आहे तसें राखावें? लिलांवाच्या याद्यांत डबींतील नाण्यांस चांगले भाव येतात असें पाहून अनेकांचें मन त्या बाजूस झुकतें. परंतु प्रश्न केवळ भावाचा नाहीं. नाणें हें इतिहासाचें साधन आहे, आणि ज्या परीक्षेनें त्याची किंमत वाढते त्याच परीक्षेनें त्याचें साधनमूल्य घटतें काय, हें पाहणें इतिहाससंशोधकाचें कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखांत याच अंगानें विचार करावयाचा आहे.

२. पूर्वीची पारख

नाण्याची पारख मोबदला घेऊन करून देण्याची वहिवाट आजची नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रांत टांकसाळीवरील लक्षणाध्यक्षाहून निराळा असा रूपदर्शक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. चलनांत येणाऱ्या व कोशांत भरल्या जाणाऱ्या नाण्यांची परीक्षा करणें हें त्याचें काम. त्या प्रसंगीं घ्यावयाच्या आकारांत ‘पारीक्षिक’ म्हणजे परीक्षेचा आकार शेंकडा एक अष्टमांश, अर्थात् ८०० पणांस १ पण, असा नेमला आहे. परीक्षा करणाऱ्यास मोबदला मिळावा, पण तो परीक्षित द्रव्याच्या मानानें अल्प असावा, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें.

मराठी राज्यांत हें काम पोतदार व सराफ करीत. राज्यांत नाना टांकसाळींचे, नाना कसांचे रुपये एकाच वेळीं फिरत असल्यामुळें नुसता ‘रुपये शंभर’ हा उल्लेख पुरेसा नसे. ते चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही यांपैकीं कोणते, हेंही सांगावें लागे आणि त्या मानानें बट्टा बसे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडीं आला, तेव्हां इंग्रजांचें नाणें स्वराज्यांत चालावें असें एक कलम त्यानें मागितलें होतें. त्यावर महाराजांकडून मिळालेल्या उत्तराचा आशय असा कीं, कोणाचें नाणें चालूं नये अशी मनाई नाहीं. परंतु ज्यांत रयतेचें नुकसान होईल असें नाणें घेण्याची सक्तिही करतां येणार नाहीं. इंग्रजांचें नाणें कसानें व वजनानें इतरांच्या तोडीचें असेल तर तें आपोआपच चालेल. नाण्याची प्रत राजाज्ञेनें ठरत नाहीं, वजन व कस यांनीं ठरते, हा विचार यांत आहे.

सराफानें नाणें पारखलें म्हणजे तो त्यावर आपली लहानशी खूण ठोकी, अथवा आंत तांबें नाहीं ना हें पाहण्याकरितां त्यास सुलाख म्हणजे भोंक पाडी. अशा रुपयास सुलाखी म्हणत. सोनें विस्तवांत तावणें व नाणें सुलाखणें या दोन परीक्षांवरूनच ‘तावून सुलाखून निघालेला’ हा शब्दप्रयोग मराठींत रूढ झाला, आणि कसोटीस उतरलेल्या मनुष्याची स्तुति आपण आजही त्याच शब्दांनीं करतों. पेशवाईंतील रुपयावर दिसणाऱ्या चांदण्या, टिंबें, लहान फुलें यांपैकीं जीं चिन्हें मूळ ठशांतील नव्हत, तीं बहुधा अशा सराफी खुणा होत. एखाद्या रुपयावर अशा पांचसहा खुणा असल्या तर तो तितक्या पेढ्यांवरून पारखून पुढें गेला, इतकें त्यावरून निःसंशय म्हणतां येतें. खुणा ओळखीच्या असल्या तर नाण्याचा प्रवासही सांगतां येईल. १८३५ सालीं कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा व १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया सर्वत्र सुरू केला. पुढें बट्ट्याचें प्रयोजन संपत गेलें आणि सराफाची खूणही मागें पडली.

३. नवी प्रतवारी

आजची प्रतवारी अमेरिकेंत उदयास आली. विल्यम शेल्डन या गृहस्थानें १७९३ ते १८१४ या काळांतील अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटांवर १९४९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांत १ ते ७० असें प्रमाण मांडलें. कसेंबसें ओळखूं येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर अत्युत्कृष्ट नाण्याची सत्तर, हा त्या आंकड्यांचा मूळ अर्थ. म्हणजे ती श्रेणी बाजारभावावरून बांधलेली होती; धातूच्या कोणत्याही गुणावरून नव्हे. पुढें भाव बदलले, प्रमाण तुटलें, पण ७० हा आंकडा राहिला. १९८५–८६ च्या सुमारास पी. सी. जी. एस. आणि १९८७ सालीं एन. जी. सी. या संस्था निघाल्या. नाणें पारखावें, प्रत ठरवावी, उघडल्यास कळून येईल अशा डबींत तें बंद करावें आणि आपल्या निर्णयाची हमी द्यावी, ही पद्धति त्यांनीं रूढ केली.

या पद्धतीचे गुण मान्य केले पाहिजेत. दूरच्या गिऱ्हाइकास नाणें हातीं न घेतां त्यावर भरंवसा ठेवतां येतो. खोटें नाणें बहुतांशीं वगळलें जातें. हाताळणीनें होणारी झीज थांबते. संग्राहकाच्या पश्चात् वारसांस नाण्यांतील कांहीं कळत नसलें, तरी डबीवरील चिठ्ठी वाचून त्यांची फसवणूक टळूं शकते. हा शेवटला लाभ लहान नव्हे. अनेक चांगले संग्रह वारसांच्या अज्ञानामुळें मोडीच्या भावानें गेले आहेत.

दोषही तितकेच खरे आहेत. प्रत ही शेवटीं मनुष्याच्या डोळ्यानें लागते. तेंच नाणें डबी फोडून पुन्हा पाठविल्यास एखादा आंकडा वर किंवा खालीं येतो, आणि भाव वाढविण्याकरितां असें करणारे व्यापारी आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नाण्यांप्रमाणें डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. यास्तव डबी हा पुराव्याचा प्रारंभ होय, शेवट नव्हे.

४. हातठशाचें नाणें व यंत्रठशाचें माप

आमच्या प्रश्नाचा गाभा येथें आहे. शेल्डनची श्रेणी ज्या नाण्यांकरितां निघाली तीं टांकसाळींत एकाच मापानें पाडलेलीं होतीं. शिवराई किंवा पेशवाईंतील रुपया तसा नाहीं. कारागीर धातूची चकती ठशावर ठेवून हातोड्यानें ठोकी. ठसा चकतीहून मोठा असे; त्यामुळें प्रत्येक नाण्यावर लेखाचा कांहीं भागच उतरे. एका शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पुरतें येतें, दुसरीवर ‘राजा’ तेवढें स्पष्ट. मागील बाजूस ‘छत्र’ आहे तर ‘पति’ कांठाबाहेर गेलेलें. ही झीज नव्हे, घडण होय. उलट, झिजलेल्या रुपयावर टांकसाळीचें चिन्ह व वर्ष टिकलें असेल, तर चकचकीत पण चिन्हहीन रुपयापेक्षां तो अभ्यासकास शतपट मोलाचा. प्रतवारीचा आंकडा पृष्ठभागाची स्थिति सांगतो; कोणता मजकूर शिल्लक आहे हें तो सांगत नाहीं.

सुलाखाची गोष्ट याहून बोलकी आहे. भोंक पाडलेलें, घासलेलें, ठोका बसलेलें नाणें आलें म्हणजे या संस्था त्यास आंकडा न देतां दोषाची नोंद करून मोकळ्या होतात, व सराफाच्या खुणेची गणना पुष्कळदा याच दोषांत होते. एका काळच्या परीक्षकानें खरेपणाची साक्ष म्हणून जी खूण ठोकली, तीच आजच्या परीक्षकाच्या वहींत व्यंग ठरली! बाजारानें तिचा भाव कमी करावा, यास कोणी अडवूं शकत नाहीं. परंतु इतिहासाच्या साधनांत तिची किंमत कमी नाहीं, हें संग्राहकानें विसरूं नये.

याचें सर्वांत मोठें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभीचें. तेथें १९०६ सालीं नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधि सांपडला, आणि त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. सुबकपणाच्या दृष्टीनें पाहिलें तर हीं नाणीं बिघडलेलीं. नहपानाचा चेहरा अर्धा पुसलेला, त्यावर चैत्याचें चिन्ह आडवेंतिडवें बसलेलें. पण सातवाहनांनीं क्षहरातांचें राज्य घेतलें, या गोष्टीची नाण्यांतील साक्ष हीच ‘बिघडलेली’ नाणीं देतात. शिवाय तीं एकत्र सांपडलीं व एकत्र मोजलीं गेलीं, म्हणूनच दोन संख्यांचें प्रमाण आपणांस कळलें. निधि फुटून एकेक नाणें वेगळ्या डबींत गेलें असतें, तर प्रत्येकाची प्रत कळली असती आणि इतिहास हरवला असता.

५. पुनर्वाचनाचा अधिकार

साधन उघडें राहिलें म्हणजे चूक दुरुस्त होते, याचा दाखला शहाडापासून फार दूर नाहीं. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला व तोच मान्य झाला. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें होतें. पहिला वाचक थोर विद्वान् होता. तरीही दुसऱ्यास पुन्हा दगडापाशीं जातां आलें, म्हणून शिलाहार मुम्मुणीचा काळ ठिकाणावर आला.

डबींतील नाण्यापाशीं असें जाणें कठिण होतें. त्याचें वजन करतां येत नाहीं, आणि चिठ्ठीवर तें पुष्कळदा लिहिलेलेंही नसतें. कांठ पुरता दिसत नाहीं, आणि ओतीव खोट्या नाण्याचा सांधा तर कांठावरच असतो. पाण्यांत तोलून घनता काढतां येत नाहीं, नाद ऐकतां येत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें सहज पटेल. एखादी पोथी तज्ज्ञास दाखवून तिची प्रत ‘उत्तम’ अशी लिहून घेतली आणि मग ती लाखेनें अशी मोहोरबंद केली कीं पान उलटूं नये, तर त्या पोथीचा उपयोग काय? नाणें पोथीइतकें बोलकें नसलें, तरी त्यासही दोन पृष्ठें व एक कांठ आहे.

६. कायद्याची मर्यादा

खर्चाच्या आधीं कायदा पाहिला पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षें वा त्याहून जुनें नाणें ही पुरावस्तु होय, आणि केंद्र सरकार व त्यानें अधिकार दिलेली संस्था यांखेरीज कोणासही ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. हा कायदा १९७६ पासून अंमलांत असून भंग करणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. ‘केवळ प्रतवारीसाठीं पाठवितों, परत येणारच आहे’ ही सबब त्यांत चालणारी नाहीं. अर्थात् शिवराई, पेशवाई रुपया, राणीछाप रुपया यांच्या बाबतींत परदेशीं टपालानें पाठविण्याचा मार्ग मुळांतच बंद आहे. देशांतच परीक्षेची सोय असेल, तरच प्रश्न उरतो. ही शंभर वर्षांची रेषा दरसाल पुढें सरकते हेंही ध्यानांत ठेवावें. तसेंच जमिनींत सांपडलेल्या, १० रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर कलेक्टरास देण्याचें बंधन १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें घातलेलें आहे. ज्याचें मूळ सांगतां येत नाहीं, त्यास उंच प्रत लावून घेतल्यानें तें निर्दोष होत नाहीं.

७. निर्णय कसा करावा

वरील विवेचनावरून निर्णयाचे तीन प्रश्न निघतात. पहिला, नाण्याच्या खरेपणाविषयीं जाणत्या माणसांत वाद होण्याजोगा आहे काय? दुसरा, एकदोन आंकड्यांच्या फरकानें त्याचा भाव खरोखर पालटतो काय? तिसरा, एकंदर खर्च—फी, नेणें-आणणें, विमा—हा नाण्याच्या किंमतीच्या मानानें अल्प आहे काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तरच पाठवावें.

खर्चाचें मान पाहूं. समजा, एका नाण्यास एकंदर २,००० रुपये लागले. कौटिल्याच्या पारीक्षिकाच्या हिशेबानें तें नाणें १६ लाखांचें असावयास पाहिजे. इतका कठोर नियम आज कोणी लावावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण खर्च किंमतीच्या दशांशाहून अधिक होत असेल, तर तो विकणाऱ्याच्या नव्हे, प्रत लावणाऱ्याच्याच फायद्याचा ठरतो. या मानानें २,००० रुपये खर्चाचें नाणें निदान २०,००० रुपयांचें असलें पाहिजे.

आतां उदाहरणें घेऊं. साधी तांब्याची शिवराई, दुदांडी किंवा अन्य, हिची प्रतवारी करूं नये. ती विपुल आहे, आणि तिचें महत्त्व अक्षरांचें वळण व ठशांचे भेद यांत आहे. ते उघड्या नाण्यावर तुलना करूनच कळतात. १८६२ सालचा राणीछाप रुपया पुष्कळ वर्षें, १८७४ पर्यंत, तोच सालाचा आंकडा ठेवून पाडला गेला, आणि मुंबईच्या टांकसाळीनें ठिपक्यांच्या संख्येनें वर्ष सुचविलें असें अभ्यासक मानतात. हे ठिपके मोजण्यास भिंग व चांगली सूचि पुरे. सामान्य नमुन्यास फी देणें व्यर्थ. मात्र अगदीं कोरा राहिलेला व दुर्मिळ ठिपक्यांचा नमुना असेल तर देशांतल्या देशांत परीक्षेचा विचार करण्यास हरकत नाहीं.

१९३९ सालचा मुंबईचा रुपया हें उलट उदाहरण. तो दुर्मिळ, आणि शेवटच्या एका आंकड्यावर त्याचें सर्व मोल अवलंबून. तो आंकडा कोरून बदललेला नाहीं ना, ही शंका प्रत्येक गिऱ्हाईक घेणारच. येथें तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी येतें. यंत्रठशाचें नाणें असल्यानें आंकड्यांची श्रेणीही त्यास लागू पडते, आणि २०३९ पर्यंत तें पुरावस्तु ठरत नाहीं. अशा नाण्यास डबी शोभते.

शिवछत्रपतींचा सोन्याचा होन हें तिसरें उदाहरण. येथें प्रश्न प्रतीचा नसून केवळ खरेपणाचा आहे. वजन, ठशांची ओळख, अक्षरवटिका, सोन्याचा कस आणि नाणें कोणाकडून कोणाकडे आलें याची परंपरा, यांवरच निर्णय होईल. त्यासाठीं मराठी नाण्यांचे ठसे पाहिलेला अभ्यासक पाहिजे. नाशिकजवळ आंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेनें १९८९ सालीं माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणीं यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा ग्रंथाशीं नाणें ताडून पाहणें ही पहिली पायरी. असा होन खरा ठरला तर ६५ कीं ६६ हा वाद क्षुल्लक आहे. आणि शिलाहार छित्तराजाच्या नांवाचें गधैया धाटणीचें नाणें कोणास लाभलें, तर त्याची प्रत विचारण्यापूर्वीं तें कोणत्या गांवीं, कशाबरोबर सांपडलें, हें विचारावें.

८. टिपण

प्रतवारी करा अगर करूं नका, टिपण मात्र प्रत्येक नाण्याचें असलेंच पाहिजे. वजन ग्रॅममध्यें दोन दशांशस्थळांपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांचा परस्पर कोन, कांठाचें वर्णन, दोन्ही बाजूंचें व कांठाचें छायाचित्र, जितका दिसतो तितकाच लेख, तर्कानें भरलेलीं अक्षरें निराळीं दाखवून, सराफी खुणा व सुलाख यांची संख्या आणि जागा, कोठून, कोणाकडून, कोणत्या सालीं मिळालें, आणि पूर्वीं चिंच, लिंबू किंवा अन्य द्रव्यानें घासलें असल्यास तेंही. यास लहानसा कांटा, मोजपट्टी व अर्धा तास लागतो. नाणें डबींत जाणारच असेल, तर हें टिपण त्याच्या आधीं करावें. नंतर तें होणें नाहीं. टिपणाची एक प्रत घरांतील दुसऱ्या माणसाच्या हातीं द्यावी, आणि नाणें विकलें तर दुसरी प्रत नाण्याबरोबर जावी. वारसांचें हित डबीनें जितकें होतें त्याहून अशा वहीनें अधिक होईल.

सारांश, व्यावसायिक प्रतवारी ही विक्रीची सोय आहे. ती सोय जेथें खर्चास परवडते व कायद्यांत बसते तेथें अवश्य घ्यावी. ज्ञानाचें काम तिच्यावर सोंपवूं नये. पूर्वीचा सराफ पारख करतांना आपली खूण नाण्यावर ठेवून गेला आणि पुढच्या सराफासही तें पारखण्यास मोकळें ठेविलें. त्यामुळेंच एका रुपयावर पांच खुणा आढळतात. आजच्या संग्राहकानेंही आपल्यामागून येणाऱ्या पारख्यासाठीं तितकी मोकळीक ठेवली पाहिजे.